यकृतावरचे वण आणि मूलपेशींची आशा

यकृत हा शरीरातला सर्वांत चिवट अवयव. जिवंत दात्याच्या यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग काढून रुग्णाला दिला, तरी काही महिन्यांत दात्याचे यकृत जवळपास पूर्वीएवढे होते. मात्र हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, स्थूलता आणि मधुमेहामुळे साचणारी चरबी यांचा मारा वर्षानुवर्षे सुरू राहिला, की ही भरून येण्याची ताकद कमी पडते. यकृतातल्या ताराकृती पेशी एरवी 'अ' जीवनसत्त्व साठवतात. इजा होत राहिली की त्या कोलॅजेनचे तंतू तयार करू लागतात. जखमेवर वण यावा तसे हे तंतू यकृतात पसरतात. यालाच फायब्रोसिस म्हणतात. त्याची शेवटची पायरी म्हणजे सिरॉसिस. तोवर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पुढे पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, कावीळ अशी लक्षणे दिसू लागतात.

यकृत पूर्ण निकामी झाले तर प्रत्यारोपण हाच खात्रीचा उपाय. पण दाते कमी आणि खर्च प्रचंड. म्हणूनच मूलपेशींकडे, म्हणजे स्टेम सेलकडे, आशेने पाहिले जाते. यातल्या एका पद्धतीत रुग्णाच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढतात, त्यातल्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि रक्तवाहिनीतून शरीरात सोडतात. या पेशी यकृतात जाऊन नव्या यकृतपेशी बनतील, अशी सुरुवातीची कल्पना होती. तसे फारसे घडत नाही, असे पुढे दिसले. त्या काही काळच टिकतात, पण तेवढ्यात दाह शमवणारी आणि ताराकृती पेशींना आवर घालणारी द्रव्ये सोडतात.

माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल मात्र संमिश्र आहेत. दक्षिण कोरियात दारूमुळे सिरॉसिस झालेल्या ७२ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मूलपेशी एकदा दिलेल्या गटात यकृतातल्या कोलॅजेनचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी, तर दोनदा दिलेल्या गटात ३७ टक्क्यांनी घटले. ब्रिटनमधल्या ८१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. तिथे पद्धत वेगळी होती. इंजेक्शनने अस्थिमज्जेतल्या मूलपेशी रक्तात उतरवल्या, त्या वेगळ्या केल्या आणि रुग्णाला परत दिल्या. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत यकृताचे काम सुधारले नाहीच, उलट मूलपेशी दिलेल्या गटात गंभीर त्रास अधिक दिसले. म्हणजे कोणत्या पेशी, कोणत्या रुग्णाला, किती वेळा द्यायच्या, हे अजून ठरायचे आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांत मूलपेशी प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. यकृताच्या फायब्रोसिसचा त्यात समावेश नाही. त्यासाठी मूलपेशी केवळ मंजूर वैद्यकीय चाचणीतच वापरता येतात, पैसे घेऊन 'उपचार' म्हणून नव्हे. त्यामुळे कोणी लाखोंचे पॅकेज सांगितले, तर ही चाचणी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आहे का, नोंदणी क्रमांक काय, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हे आधी विचारावे. नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. 'तुमच्याच पेशी, म्हणून धोका नाही' हे म्हणणेही खरे नाही, हे ब्रिटनच्या चाचणीतून दिसतेच.

या साऱ्या गडबडीत एक दिलासा झाकोळला जातो. इजेचे कारण दूर झाले, तर यकृत स्वतःच वण विरघळवू शकते. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांना टेनोफोव्हिर हे औषध पाच वर्षे दिल्यावर पुन्हा बायोप्सी केली गेली. सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांत तो उरला नव्हता. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो. दारू पूर्ण सोडणे, वजन सुमारे दहा टक्क्यांनी उतरवणे आणि मधुमेह काबूत ठेवणे यांचाही फायदा होतो. फायब्रोसिस किती आहे, हे फायब्रोस्कॅन या वेदनारहित तपासणीने कळू शकते. मधुमेह, स्थूलता, नियमित मद्यपान किंवा घरात हिपॅटायटिसचा रुग्ण असेल, तर यकृताच्या तपासणीबाबत डॉक्टरांना विचारावे. वण जितका ताजा, तितका तो विरघळण्याची शक्यता जास्त.