स्वाइप मशीन दुकानात बसवताय? आधी हे ऐका

आजचा एपिसोड छोटा आहे, पण ज्यांच्या घरात दुकान आहे त्यांनी शेवटपर्यंत ऐका.

तर झालं असं, की राहात्याला माझ्या मामांचं कपड्यांचं दुकान आहे. शिर्डी जवळच, त्यामुळे बाहेरगावची गिऱ्हाइकं खूप. मामांनी स्वाइप मशीन घेतली आणि मला फोन केला, "तू सॉफ्टवेअरवाला ना रे? ही मशीन कोणी हॅक तर करणार नाही ना?"

आता शनिशिंगणापूर आठवा. तिथं घरांना कुलूप नसतं. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं शाखा काढली, तीही बिनकुलपाची. पण खरं सांगू? बाहेरून कुलूप दिसत नसलं तरी दाराला इलेक्ट्रॉनिक लॉक होतंच. स्वाइप मशीनचंही तसंच आहे. तुम्ही पिन दाबला की तो मशीनच्या आतच एन्क्रिप्ट होतो आणि मगच बाहेर पडतो. त्याची किल्ली आतल्या चिपमध्ये असते. कोणी मशीन उघडायला गेलं, की ती किल्ली आपोआप पुसली जाते आणि मशीन बंद पडते.

मग धोका कुठंय? धोका आहे मशीनच्या आजूबाजूला. म्हणून ही पाच कामं करा.

एक. मशीन हातात आली की मागचा सीरियल नंबर बँकेच्या कागदाशी जुळवा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. मशीनला चीर किंवा उचकटल्याची खूण दिसली, तर घेऊच नका.

दोन. आधी दहा रुपयांचा व्यवहार करून बघा. स्लिपवर दुकानाचं नाव आणि टर्मिनल आयडी बरोबर आहे का? पैसे आपल्याच खात्यात जमा झाले का? हे बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाचं कार्ड घेऊ नका.

तीन. रिफंड आणि व्हॉइडचा पासवर्ड मशीनबरोबर आला तसाच राहू देऊ नका. तो बदला, आणि गल्ल्यावरच्या प्रत्येक पोराला सांगत बसू नका.

चार. सिमवर चालणारी मशीन असेल तर उत्तम. वायफाय वापरत असाल, तर ज्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय ते वायफाय नको. मशीनसाठी वेगळं ठेवा.

पाच. हे कोणाच्याच लक्षात येत नाही. वर बघा! चोर पकडायला लावलेला सीसीटीव्ही बरोबर कीपॅडवर रोखलेला असतो. म्हणजे गिऱ्हाइकाचा पिन आपणच रेकॉर्ड करतोय. मामांकडे अगदी हेच होतं. कॅमेरा थोडा फिरवला, काम झालं. मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्या, आणि "पिन सांगा, मी टाकतो" असं कधीच म्हणू नका.

टॅप करायचं असेल तर ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. म्हणून टॅप करण्याआधी स्क्रीनवरची रक्कम गिऱ्हाइकाला दाखवा. भांडण होत नाही.

आता खरी गोष्ट. दोन महिन्यांनी एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात नवी मशीन. म्हणाला, "काका, जुनी मशीन बंद होणारे, ही घ्या." मामांनी त्याला चहा पाजला आणि तेवढ्यात पासबुकावरच्या नंबरवर शाखेत फोन लावला. शाखेनं कोणालाच पाठवलं नव्हतं! चहा अर्धा टाकून गडी पसार. मशीन बदलली असती, तर दिवसभराचा धंदा भलत्याच खात्यात गेला असता. त्यानं दिलेल्या नंबरवर फोन केला असता, तर त्याच्याच साथीदारानं "हो, आमचाच माणूस आहे" म्हटलं असतं.

आणि फसलातच, तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

आज रात्री दुकान बंद करताना मशीन उलटी करा आणि सीरियल नंबरचा फोटो काढा. एवढं तरी कराच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!