अम्मानहून आले आणि माल्टीजमध्ये लिहिते झाले

माल्टात येऊन आम्हाला पाच वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी माल्टीजचे शब्द शिकले ते दोन. सकाळी ‘बोंजू’ आणि निघताना ‘ग्रात्सी’. इथे इंग्रजीही अधिकृत भाषा आहे, त्यामुळे कुठे अडतच नाही. बँक, बस, घरमालक, कोपऱ्यावरचा पस्तिझीवाला (मटार भरलेली पस्तिझी खाताना मला आपल्या करंज्या आठवतात), सगळ्यांशी इंग्रजीत भागतं. लेक शाळेत माल्टीज शिकते, पण तिच्या त्या वह्या आम्ही दोघांनी कधी उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत. दोन वर्षांत परत जायचंय, कशाला उगीच डोक्याला ताप, असं पाच वर्षं म्हणतोय.

मागच्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका माल्टीज बाईंनी एक कादंबरी माझ्या हातात ठेवली. अनुवाद इंग्रजीत होता, मूळ पुस्तक माल्टीज. लेखकाचं नाव वलीद नबहान. मी म्हटलं, हे नाव तर अरबी आहे. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “वाचा तर खरं.”

नबहान यांचा जन्म १९६६चा, जॉर्डनमधल्या अम्मान शहरातला. घराणं मूळचं हेब्रॉनजवळच्या अल-कुबैबा या पॅलेस्टिनी गावातलं. १९४८च्या युद्धात घरच्यांना गाव सोडावं लागलं. म्हणजे ज्या गावाला ‘आमचं गाव’ म्हणायचं, ते या मुलाने जन्मल्यापासून फक्त मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं. १९९० मध्ये, चोविसाव्या वर्षी, ते माल्टात आले. आले ते काही साहित्यिक व्हायला नाही. वैद्यकीय प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचं तंत्र शिकले. पुढे १९९८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाची पदवी घेतली, २००३ मध्ये माल्टा विद्यापीठातून मानवी हक्क या विषयात मास्टर्स केलं. परदेशात पाय रोवायचे म्हणजे एकावर एक कागद जमवत जावं लागतं, ते आपल्या वाचकांना मी काय सांगू!

त्यांचा पहिला कथासंग्रह आला २००९ मध्ये. दुसरा २०११ मध्ये. दोन्ही माल्टीजमध्ये. बेटावर पाऊल ठेवल्यापासून पहिल्या पुस्तकापर्यंत एकोणीस वर्षं गेली. या आकड्यापाशी मी थोडी थांबले. आपली पाच डोळ्यांसमोर आली.

आता कुणी म्हणेल, अरबी माणसाला माल्टीज काय अवघड? खरं आहे, या भाषेचा सांगाडा अरबीचा आहे. सिसिलीत आणि या बेटांवर काही शतकांपूर्वी बोलल्या जाणाऱ्या अरबीतून ती आली. इथे पुस्तकाला म्हणतात ‘क्तीब’, दुनियेला ‘दिन्या’, सैतानाला ‘शितान’. आपल्यालासुद्धा ओळखू यावेत असे शब्द! चर्चमधली प्रार्थना पहिल्यांदा कानावर पडली तेव्हा मी चमकलेच, कारण हे पक्के कॅथलिक लोक देवाला ‘अल्ला’ म्हणतात. पण त्या सांगाड्यावर मांस चढलंय ते सिसिलियन आणि इटालियनचं, वर इंग्रजीचं. लिपी रोमन. अरबीतले कित्येक कंठ्य उच्चार विरून गेलेले. आणि जवळच्या भाषेत पाय घसरतो तो ओळखीच्या शब्दांवरच. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत आली की मार खाते, तसं आहे हे. अरबीतला ‘हिसाब’, म्हणजे आपला हिशोब, माल्टीजमध्ये ‘ह्सीब’ होतो आणि त्याचा अर्थ होतो विचार. तुमच्या आईच्या भाषेतलेच शब्द, पण वेगळ्या घरात नांदून आलेले. त्यांच्यातून कथा उभी करायची म्हणजे रोज स्वतःचेच कान तपासायचे.

२०१३ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, ‘ल-एझोदू ताच-चिकोन्यी’, म्हणजे ‘करकोच्यांचं स्थलांतर’. तिचा नायक नसीम हा माल्टात राहणारा पॅलेस्टिनी. रक्ताने माखलेला भूतकाळ त्याला नकोसा झालाय. त्यावर त्याने उपाय काढलाय तो असा, की आपला इतिहास पुरून टाकायचा आणि माल्टाचा इतिहास आपला म्हणून घ्यायचा. अर्थात तसं होत नाही. पुरलेलं सगळं वर येत राहतं, कारण तो भूतकाळ त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतोच.

मला कादंबरी काही ठिकाणी जड गेली. माणसं, युद्धं, वर्षं यांची गर्दी होते. पण नसीमची धडपड मला परकी वाटली नाही. आपण याच्या उलट टोकाला असतो. त्याला सगळं पुसून इथलं व्हायचंय, आणि आपण इथलं काहीही अंगाला लागू न देता दिवाळी ते दिवाळी जगतो.

या कादंबरीला २०१४ मध्ये माल्टाचं राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळालं आणि २०१७ मध्ये युरोपियन युनियनचं साहित्य पारितोषिक. त्याआधी माल्टाकडून इमॅन्युएल मिफसूद (२०११) आणि पियर मेयलाक (२०१४) यांना ते मिळालं होतं. त्यांच्या पंगतीत अम्मानमध्ये जन्मलेला माणूस बसला. ही भाषा बोलणारे किती, तर पाच लाखांच्या आसपास. एकट्या सोलापूर शहरात याहून जास्त माणसं राहतात. इथल्याच लोकांनी तिला फार काळ स्वयंपाकघरातली भाषा मानलं, सरकारी कारभार आणि कोर्टकचेऱ्या इटालियनमध्ये चालायच्या. माल्टीजला अधिकृत दर्जा मिळाला तो १९३४ मध्ये. नबहान यांना अरबीत लिहिता आलं असतं, कोट्यवधी वाचक होते. तरी त्यांनी आधी शेजाऱ्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं. मला वाटतं, आपली गोष्ट ज्यांच्यात राहतो त्यांनी ऐकावी, ही इच्छा त्यात असणार. अरबीलाही त्यांनी सोडलेलं नाही. माल्टीज साहित्य ते अरबीत नेतात आणि तिकडचं इकडे आणतात.

गेल्या महिन्यात व्हॅलेटातल्या एका पुस्तकाच्या दुकानातून मी मूळ माल्टीज प्रत आणली. दुकानदाराने इंग्रजीतच विचारलं, “कुणासाठी?” मी मुलीचं नाव सांगितलं, ते अर्धंच खरं होतं. कादंबरी तिच्या वयाची नाही, पण अक्षरं तिला येतात. जेवणं झाली की ती चार-पाच ओळी मोठ्याने वाचते, मी मागून म्हणते, आणि ती माझे उच्चार दुरुस्त करते. ‘क्यू’ हे अक्षर दिसलं की नुसता घसा अडवायचा असतो, ते मला अजून जमत नाही. सध्या दुसऱ्या पानावर आहोत.