मांडव डेन्मार्कमध्ये, संसार पुलापलीकडे

कोपनहेगन

दोन वेगळ्या देशांच्या माणसांना लग्न करायचं असेल तर युरोपात डेन्मार्कइतकी सोय क्वचितच कुठे असेल. जर्मन सीमेला लागून असलेलं टॉन्डर आणि बाल्टिक समुद्रातलं चिमुकलं एरो बेट ही दोन्ही ठिकाणं परक्यांच्या लग्नांसाठी प्रसिद्ध आहेत. येणारी जोडपी बरीचशी जर्मनीतून येतात. तिथलं विवाह नोंदणी कार्यालय परदेशी वधूवरांकडे त्यांच्या मायदेशाचा दाखला मागतं, 'या व्यक्तीच्या लग्नाला कायद्याची अडचण नाही' असा. भारतात असा दाखला देण्याची पद्धतच नाही. मग वरिष्ठ प्रांतिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडे सूट मागावी लागते आणि त्यात बराच काळ जातो. डेन्मार्कमध्ये 2019पासून फॅमिली लॉ एजन्सी हे एकच सरकारी कार्यालय कागद तपासून प्रमाणपत्र देतं. ते हाती आलं की चार महिन्यांच्या आत कुठल्याही नगरपालिकेत लग्न लागतं.

लग्न लागलं. आता नवरीला घेऊन याच देशात राहायचं म्हटलं, तर मात्र हा देश एकदम वेगळा चेहरा दाखवतो.

समजा, ऑर्हुसचा एक तरुण आहे, जन्माने डॅनिश. सांगलीच्या मुलीशी त्याने लग्न केलं. तो 26 वर्षांचा, ती 23. डॅनिश कायदा सांगतो की दोघांचंही वय 24 पूर्ण हवं, म्हणजे इथेच गाडी अडली. वय बसलं असतं तरी पुढची यादी लांब आहे. नवऱ्याने गेली तीन वर्षं सरकारी मदतीवर दिवस काढलेले नसावेत. घर स्वतंत्र आणि पुरेसं असावं. माणशी 20 चौरस मीटर, नाहीतर एका खोलीमागे दोनपेक्षा जास्त माणसं नकोत. ते घर सरकारने 'बिकट वस्ती' ठरवलेल्या भागात नसावं. बायकोवर सरकारचा खर्च झालाच तर तो वसूल करता यावा म्हणून बँकेची हमी द्यायची. सुरुवातीला ही हमी 50,000 क्रोनरची होती. मग सरकारं बदलली तशी ती वरखाली झाली, 2018 साली 1 लाखावर गेली आणि 2024 मध्ये निम्म्यावर आली. शिवाय बायकोने इथे आल्यावर सहा महिन्यांत डॅनिश भाषेची पहिली परीक्षा द्यायची आणि नऊ महिन्यांत दुसरी. डॅनिश लोक शब्दाचा शेवट गिळून बोलतात, तेव्हा दुसरी परीक्षा वाटते तितकी सोपी नाही.

हे सगळं 2002 साली सुरू झालं. आन्डर्स फो रासमुसेन यांचं सरकार डॅनिश पीपल्स पार्टीच्या पाठिंब्यावर उभं होतं आणि परदेशी लोकांचं येणं रोखू असं सांगून ते निवडून आलं होतं. वयाच्या अटीचं समर्थन करताना सक्तीच्या लग्नांचं कारण दिलं गेलं: स्थलांतरितांच्या घरात कोवळ्या वयात मुलामुलींची लग्नं गावाकडे ठरवली जातात, त्याला आळा बसेल. कारण खोटं नव्हतं, पण जाळं मात्र फार मोठं टाकलं गेलं. त्यात ऑर्हुसचा आपला तरुणही सापडला, ज्याच्या लग्नात सक्ती कुणी केली असेल तर ती सांगलीच्या सासूबाईंनी, जेवणाच्या ताटावर.

राजघराण्याला मात्र वेगळी वाट मिळाली. युवराज फ्रेडरिक यांनी 2004 साली ऑस्ट्रेलियाच्या मेरी डोनाल्डसन यांच्याशी लग्न केलं, तेव्हा संसदेने खास कायदा करून त्यांना नागरिकत्व दिलं. आज त्या राणी आहेत. त्या वेळी त्या 32 वर्षांच्या होत्या, त्यामुळे वयाची अट त्यांनी तशीही ओलांडली असती. हमी कुणाकडे मागायची, हा प्रश्न मात्र मनोरंजक ठरला असता.

खरी गंमत पुढे आहे. कोपनहेगनच्या आयटी कंपन्यांत आणि औषध उद्योगात आपली मराठी मंडळी बरीच आहेत. पुण्याचा एखादा इंजिनीअर ठरावीक पगाराच्या योजनेखाली इथे येतो आणि बायकोला 'सोबतचं कुटुंब' म्हणून बरोबर आणतो. ती 22 वर्षांची असली तरी चालतं. हमी नाही, भाषेची परीक्षा नाही, वर इथे नोकरी करायचा हक्कही मिळतो. म्हणजे भारतीय माणूस भारतीय बायकोला डेन्मार्कमध्ये सहज आणतो आणि डॅनिश माणसाला तीच गोष्ट वर्षभर झगडूनही जमेल याची खात्री नाही. इंजिनीअरच्या बायकोमागे कंपनी उभी असते, डॅनिशाच्या बायकोमागे फक्त नवरा.

आता त्या तरुणाने काय करावं? उत्तर पूर्वेला आहे. कोपनहेगनहून गाडीत बसलं की विमानतळानंतर ती समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, पेबरहोम नावाच्या कृत्रिम बेटावर वर येते आणि ओरेसुंदच्या पुलावरून थेट स्वीडनमध्ये पोचते. पूल, बेट आणि बोगदा मिळून सोळा किलोमीटर. हा रस्ता 2000 सालच्या जुलैमध्ये खुला झाला आणि दोनच वर्षांत नवे विवाह नियम आले. इंजिनीअरांनी पूल बांधला तो व्यापारासाठी, पण त्याचा एक उपयोग कुणाच्याच आराखड्यात नव्हता. डॅनिश नवरे आणि त्यांच्या परदेशी बायका, किंवा उलट, पुलापलीकडच्या माल्मोला घर घेऊन राहू लागली. सकाळी गाडीने कोपनहेगनला कामावर जायचं आणि रात्री संसाराला परत यायचं.

हे चालतं कसं? युरोपीय संघाचा नागरिक आपला देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेला की त्याच्यावर युरोपीय कायद्याचं छत्र येतं. 2004 सालचा त्यासंबंधीचा निर्देश सांगतो की जोडीदार त्याच्यासोबत राहू शकतो, मग तो जगातल्या कुठल्याही देशाचा असो. नागरिक कमावता असावा, नाहीतर त्याच्याकडे पोटापुरते पैसे आणि आरोग्य विमा असावा, बस्स. वयाची चोविशी नाही, बँकेची हमी नाही. पण तोच नागरिक स्वतःच्या देशात राहात असेल तर त्याच्यावर घरचा कायदा चालतो आणि घरचा कायदा हवा तेवढा कडक असू शकतो. डॅनिश माणसाला डेन्मार्कमध्ये जो हक्क नाही, तो त्याला माल्मोत आहे. आणि माल्मोच्या स्वीडिश माणसाला तो डेन्मार्कमध्ये आहे. घरच्यापेक्षा पाहुण्याचा मान मोठा, हे आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत शोभतं. कायद्याच्या पुस्तकात ते वाचताना चमत्कारिक वाटतं.

पुढचा प्रश्न असा की माल्मोत राहिलेलं जोडपं डेन्मार्कला परतलं तर? या प्रश्नाचं उत्तर एका भारतीय माणसाच्या नावाने युरोपभर ओळखलं जातं. सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाने 1982 साली ब्रॅडफर्डमध्ये एका ब्रिटिश स्त्रीशी लग्न केलं. दोघांनी 1983 ते 1985 जर्मनीत नोकरी केली आणि मग व्यवसाय करायला ब्रिटनला परत आले. पुढे लग्न मोडायला लागलं आणि ब्रिटिश सरकारने सिंग यांना देशाबाहेर काढायचं ठरवलं. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. 7 जुलै 1992 रोजी न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाला जोडीदारासह परतता आलं पाहिजे, निदान त्या दुसऱ्या देशात होते तेवढ्या हक्कांनिशी. नाहीतर तो मुळात देश सोडून जाईलच कशाला? निकाल आला तेव्हा त्यांचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती. मोडलेल्या लग्नाने हजारो संसारांना वाट करून दिली.

डेन्मार्कने ही वाट अरुंद करायचा प्रयत्न केला. इथे अशी अट होती की परदेशी जोडीदार आधीच एखाद्या सदस्य देशात कायदेशीर राहात असला पाहिजे. आयर्लंडचीही अशीच अट होती. 2008 सालच्या जुलैमध्ये मेटॉक प्रकरणात न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि इथल्या राजकारणात मोठा गदारोळ झाला. आज परतणाऱ्या जोडप्याचा अर्ज सिरी या कार्यालयाकडे जातो (फोनमधली बाई नव्हे, आंतरराष्ट्रीय भरती आणि एकात्मीकरण विभागाचं हे आद्याक्षरी नाव). डॅनिश कायद्याखालचा अर्ज जातो वेगळ्या कार्यालयाकडे, इमिग्रेशन सर्व्हिसकडे. पहिल्या दाराला फी नाही, दुसऱ्या दाराला भरभक्कम फी आहे. सिरी मात्र बारीक चौकशी करते: माल्मोत खरंच राहात होतात का? घरभाड्याचा करार, विजेचं बिल, मुलाची पाळणाघरातली नोंद, असलं सगळं दाखवायचं. नावापुरती खोली घेऊन खरं आयुष्य कोपनहेगनमध्येच काढणाऱ्यांची तिथे फजिती होते.

माल्मोच्या वर्षांचा आणखी एक फायदा कागदावर छोटा दिसतो, पण प्रवासात फार मोठा ठरतो. स्वीडन त्या बायकोला जे कार्ड देतं, त्यावर 'संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयाचं निवासपत्र' या अर्थाचे शब्द असतात. ते कार्ड असलं आणि नवरा बरोबर असला, किंवा ती त्याच्याकडे निघाली असली, की आयर्लंडसारख्या शेंगेनबाहेरच्या सदस्य देशातही व्हिसा लागत नाही. नुसता डॅनिश कायद्याखालचा परवाना असेल तर डब्लिनचा व्हिसा काढावाच लागतो. विमानतळावरच्या काउंटरवरच्या मुलांना हा फरक अनेकदा माहीत नसतो. लंडनहून बुडापेस्टला गेलेल्या एका युक्रेनी प्रवाशाला हंगेरीने अडवलं, रायनएअरला दंड केला आणि 2020 मध्ये युरोपीय न्यायालयाला सांगावं लागलं की त्या प्रवाशाकडचं ब्रिटिश कायम निवासपत्र व्हिसा माफीला पुरेसं होतं. म्हणून माझा आग्रह असा की 2004च्या त्या निर्देशाच्या पाचव्या कलमाची छापील प्रत पासपोर्टमध्ये ठेवा. कार्ड नसलं तरी हक्क बुडत नाही: नवऱ्याबरोबर दुसऱ्या सदस्य देशात जाण्याचा व्हिसा मोफत आणि लवकर द्यावा लागतो. एरवी शेंगेन व्हिसाला 90 युरो पडतात.

युरोपीय वाटेचा फायदा आपल्या गोव्याच्या माणसांनाही झाला. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेली गोव्याची अनेक कुटुंबं ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनमध्ये, स्थिरावली. ब्रेक्झिटपूर्वी मडगावचा पोर्तुगीज पासपोर्टधारक आपल्या भारतीय बायकोला तिथे आणू शकत होता. शेजारच्या ब्रिटिश नागरिकाला मात्र 2012पासून वर्षाला 18,600 पौंडांची कमाई दाखवावी लागत होती. ती अट आता 29,000वर गेली आहे, आणि तिथे सुरिंदर सिंग यांची वाट बंद झाली आहे.

डेन्मार्कला आणखी एक निकाल पचवावा लागला. जोडप्याचे संबंध डेन्मार्कशी जास्त हवेत अशी एक अट होती आणि 28 वर्षं नागरिक असलेल्यांना त्यातून सूट होती. जन्माने डॅनिश असलेल्याला ती अठ्ठाविसाव्या वर्षी मिळे. टोगोत जन्मलेले आणि 2002 मध्ये नागरिक झालेले बियाओ यांना ती 2030 मध्ये मिळाली असती. तेही बायकोसह माल्मोला गेले होते. स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने 2016 साली याला भेदभाव ठरवलं. दोन वर्षांनी संबंधांची अट गेली आणि तिच्या जागी सहा निकषांची नवी चाळणी आली. त्यातले चार निकष पुरे करायचे असतात.

वाचकांपैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी या वाटेवर असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. विवाह नोंदणीचा दाखला आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टील, हे आधी करून घ्या. 2005पासून भारत अपॉस्टीलच्या करारात आहे. दाखला मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर जोडा. आणि नाव. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, दाखल्यावर नवऱ्याचं, बँकेत माहेरचं आडनाव, असा आपला नेहमीचा कारभार असतो. उत्तर युरोपातल्या कारकुनाला ही तीन वेगळी माणसं वाटतात, आणि ती एकच आहे हे पटवण्यात जो वेळ जातो तेवढ्यात सांगलीच्या मुलीचं चोविसावं सरून गेलेलं असतं.