बीएमआय म्हणजे काय? अ‍ॅपमधल्या हिरव्या रंगावर किती विश्वास ठेवायचा?

'जरा सुटलास हं!' नाहीतर 'किती वाळलीस, खातेस की नाही?' आपल्याकडे वजनाचा निकाल असा नजरेनेच लागतो. पोट दिसलं की खात्यापित्या घरचा, बारीक असला की एकदम फिट! हेल्थ अ‍ॅप मात्र बीएमआय बघून हिरवा किंवा लाल रंग दाखवतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून हा रंग ठरतो कसा, ते कोड लिहिणाऱ्याच्या नजरेतून सांगतो.

सूत्र एका ओळीचं आहे: किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. वजन ७० किलो, उंची १.७० मीटर असेल तर ७० ÷ २.८९ = २४.२.

हे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांचं, १९व्या शतकातलं. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता, एकेकाची तब्येत तपासायची नव्हती. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी रूढ केलं.

आता कोडमधली अट बघा. जागतिक निकषात २५ पासून वजन जास्त धरतात. भारतीयांसाठी ही रेषा २३ वर आहे आणि २५ पासून लठ्ठपणा. म्हणजे वरचा २४.२ हा आकडा एका अ‍ॅपमध्ये हिरवा, तर दुसऱ्यात धोक्याचा! तुमचं अ‍ॅप कोणती रेषा वापरतं, ते आधी तपासा.

असा फरक का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के! सूत्राला इनपुट फक्त दोन, त्यामुळे चरबी किती, स्नायू किती, हे त्याला कळतच नाही. म्हणूनच तालमीतला पैलवान लठ्ठ ठरतो आणि सडपातळ माणसाची वाढलेली शुगर लपून राहते.

मग बीएमआय फेकून द्यायचा का? नाही. तो फुकट आहे, झटपट निघतो आणि मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला कामाचा आहे. फक्त त्याच्या जोडीला शिंप्याची टेप घ्या. कंबर पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरच्या आत हवी. दोरीने मोजायचं असेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, एवढं लक्षात ठेवा.

आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर अ‍ॅप हिरवं दाखवत असलं तरी रक्ततपासणी टाळू नका. रक्तातली साखर अ‍ॅपला दिसत नाही.