टाकीतली वाळू आणि फिल्टरमधला गाळ

शोभेच्या माशांचं काम करणाऱ्या गटांना एक फोन हमखास येतो. "ताई, टाकीचं पाणी गढूळ झालंय, फिल्टरमधून घाण बाहेर पडतेय." आज त्यावरच बोलू.

आधी आमची चूक सांगते. आमच्या गटाने एका गिऱ्हाइकाला दोन फुटी टाकी लावून दिली, गप्पी आणि मोली सोडले. पुढे फिल्टर तुंबला म्हणून आमच्यातली एक ताई गेली. तिने अगदी मनापासून काम केलं. स्पंज नळाखाली खसाखसा चोळला, सगळी वाळू उपसून धुतली, पाणी पूर्ण बदललं. टाकी आरशासारखी लख्ख! तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडायला लागले आणि आठवड्यात निम्मे गेले. ते गटाच्या नफ्यातून भरून द्यावे लागले.

झालं काय होतं? माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांपासून पाण्यात अमोनिया होतो. तो माशांना विषारी. स्पंजवर आणि वाळूच्या कणांवर चिकटलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरंच सौम्य, ते आपण दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलून काढून टाकतो. म्हणजे स्पंजवरचा तो तपकिरी थर निव्वळ घाण नाही, ते आपलं विरजण आहे. विरजण घासून टाकलं तर दही कशाचं लागणार? त्यात नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडरचं क्लोरीन असतं, ते उरलेसुरले जिवाणूही मारतं.

म्हणून स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. दोन-तीनदा पिळला की पुरे, डाग राहिले तर राहू देत. साबण अजिबात नको. आणि ज्या दिवशी स्पंज पिळला त्या दिवशी वाळूला हात लावायचा नाही.

स्पंज उचलताना गाळाचा लोट टाकीभर पसरतो, त्याला एक सोपी युक्ती आहे. आधी एअर पंप बंद करा. पाण्यातच स्पंजखाली प्लॅस्टिकची पिशवी सरकवा आणि पिशवीसकट बाहेर काढा. परत बसवल्यावर थोडा धूर निघाल्यासारखा गाळ येतो, तो काही तासांत खाली बसतो. घाबरू नका, गिऱ्हाइकालाही आधीच सांगून ठेवा.

आता वाळू. नवी वाळू तांदळासारखी धुवायची, वरचं पाणी निवळेपर्यंत. कंटाळा केला की पहिल्या दिवशीच फोन येतो! समुद्राची वाळू नको, त्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. थर एक-दीड इंच ठेवा. जाड थरात खाली हवा पोचत नाही, वाळू काळी पडते आणि ढवळली की कुजक्या अंड्याचा वास येतो. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडा, म्हणजे खड्डे पडत नाहीत.

वाळूवरची विष्ठा नळीने ओढायची. नळीचं तोंड वाळूपासून बोटभर वर धरा. वाळू चढायला लागली की नळी चिमटा. तोंडाने ओढू नका, नळी आधी पाण्याने भरून घ्या.

मोटरवाला फिल्टर असेल तर तो वाळूपासून चार बोटं वर लावा. वाळूचा कण आतल्या छोट्या पंख्यात गेला की खडखड आवाज येतो आणि पंखा झिजतो. प्लग काढून पंखा जुन्या टूथब्रशने साफ करायचा. माझं विचाराल तर गावात एअर पंपावरचा स्पंज फिल्टरच बरा. पाण्यात फिरणारा भागच नाही, त्यामुळे वाळूने बिघडायचं काही नाही. फक्त पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

आणि आमच्यासारखं झालंच, मासे वर येऊन धापा टाकायला लागले, तर खाणं बंद करा आणि एक तृतीयांश पाणी लगेच बदला. त्यासाठी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलेलं पाणी घरात कायम भरून असू द्या.