केकवरची लाल ‘चेरी’ खरं तर करवंद असते? आपल्या रानमेव्यात नेमकं किती पोषण आहे?

वाढदिवसाचा केक कापला की वरची लाल चेरी कुणाला मिळणार, यावरून घराघरांत भांडणं होतात. पण ती चेरी बहुतेक वेळा चेरी नसतेच.

आपल्याकडच्या बेकरीत, आईस्क्रीमवर किंवा मिठ्या पानात जी स्वस्तातली ‘चेरी’ मिळते, ती पुष्कळदा करवंदापासून बनवलेली असते. कच्ची करवंदं घ्यायची, बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात ठेवून चीक आणि आंबटपणा कमी करायचा, साखरेच्या पाकात मुरवायची आणि वरून लाल खाद्यरंग द्यायचा. झाली चेरी तयार!

आता हेच फळ मे महिन्यात घाटात पाहा. रस्त्याच्या कडेला एखादी मावशी पानाच्या द्रोणात काळीभोर करवंदं घेऊन बसलेली असते आणि ‘डोंगरची काळी मैना’ अशी हाक देते. आपल्यातले बरेच जण गाडीची काच खाली न करताच पुढे जातात. रंग लावून साखरेत बुडवलेलं करवंद आपण भांडून खातो आणि ताजं करवंद मागे सोडतो.

दुसरीकडे सोशल मीडियावर हाच रानमेवा ‘सुपरफूड’ म्हणून व्हायरल होतो. करवंदाने रक्त वाढतं, जांभळाने मधुमेह बरा होतो, असे दावे रोज फॉरवर्ड होतात. यात खरं किती? समजून घेऊया.

रानमेवा म्हणजे काय?

कुणी लावलेली नाहीत, कुणी खत-पाणी घातलेलं नाही, तरी दरवर्षी येतात अशी फळं म्हणजे रानमेवा. सह्याद्रीत करवंदं, तोरणं, आळू, कोकम. विदर्भाच्या जंगलात टेंभुर्णं आणि चार, म्हणजे ज्याच्या बीतून चारोळी निघते ते फळ. आणि जवळपास सगळीकडे जांभूळ, गावठी बोरं, आवळा, कवठ.

यातल्या बोर आणि आवळ्याच्या आता बागाही आहेत. पण बांधावरची गावठी बोरं चाखलेल्या माणसाला फरक सांगावा लागत नाही.

या फळांचं वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. थंडीत आवळे आणि बोरं येतात, म्हणूनच संक्रांतीच्या सुमारास लहान मुलांचं बोरन्हाण होतं. महाशिवरात्रीला कवठ. एप्रिल-मेमध्ये करवंदं, तोरणं, टेंभुर्णं, चार. आणि पावसाच्या तोंडावर जांभळं.

आकडे काय सांगतात?

आधी गरज किती ते पाहू. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागतं. आता १०० ग्रॅम फळात ते साधारण किती मिळतं?

• आवळा: वेगवेगळ्या तक्त्यांत २५० ते ६०० मिलिग्रॅम. कमीतला आकडा धरला तरी एका मध्यम आवळ्यात दिवसाची गरज भागते.

• बोर: ६० ते ७५ मिलिग्रॅम. संत्र्यात हेच प्रमाण ५० च्या आसपास असतं. म्हणजे शाळेबाहेर मीठ-तिखट लावून मिळणारं बोर संत्र्याला सहज मागे टाकतं.

• जांभूळ: जास्तीत जास्त १८ मिलिग्रॅम. फार नाही. पण जीभ जांभळी करणारा त्याचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. सुपरमार्केटमधल्या महागड्या ब्लूबेरीचं ज्या कारणाने कौतुक होतं, ती हीच द्रव्यं.

• करवंद: ९ ते ११ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ब्लूबेरीइतकंच. पिकलेल्या करवंदाचा गडद रंगही अँथोसायनिनचाच.

थोडक्यात, सगळ्या रानफळांना एकाच मापाने ‘सुपर’ म्हणता येत नाही. आवळा आणि बोर ‘क’ जीवनसत्त्वात खरोखर दमदार आहेत. करवंद आणि जांभूळ त्या बाबतीत साधे आहेत, त्यांचं बळ रंगद्रव्यांत आणि तंतुमय पदार्थांत आहे.

करवंदाने रक्त वाढतं का?

इंटरनेटवर एक आकडा सतत दिसतो: १०० ग्रॅम करवंदात ३९ मिलिग्रॅम लोह. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दोन मुठी करवंदं खाल्ली की काम झालं?

नाही. हा आकडा वाळवलेल्या करवंदांचा आहे. ताज्या करवंदात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. वाळवल्यावर पाणी उडतं आणि उरलेलं सगळं तेवढ्याच वजनात दाटून येतं. वाळलेल्या फळाचा आकडा ताज्या फळाला चिकटवला की लोह चार-पाच पट फुगवून सांगितलं जातं. फॉरवर्ड करणाऱ्यांच्या हातून ‘वाळवलेलं’ हा एकच शब्द गळतो आणि साधं फळ औषध बनतं.

शिवाय वनस्पतीतून मिळणारं सगळं लोह शरीर शोषून घेत नाही. त्याचा थोडाच भाग रक्तात उतरतो. इथे ‘क’ जीवनसत्त्व मदतीला येतं, कारण त्यामुळे लोह शोषलं जाण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून बाजरीची भाकरी आणि पालेभाजीसोबत आवळ्याची ताजी फोड खाणं शहाणपणाचं. आणि जेवल्या जेवल्या चहा पिणं याच्या उलट, कारण चहातली द्रव्यं लोह अडवून धरतात.

हा विषय हलका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. अशा राज्यात ‘करवंद खा, गोळ्यांची गरज नाही’ हा मेसेज एखाद्या गरोदर बाईने मनावर घेतला तर नुकसान तिचं आणि बाळाचं होतं.

आणि जांभळाने मधुमेह?

जांभळाच्या बियांच्या पावडरीने साखर कमी झाल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांच्या बाबतीत मात्र इतकं ठाम बोलता येत नाही. ब्राझीलमध्ये टाईप २ मधुमेहाच्या रुग्णांवर जांभळाच्या पानांच्या चहाची चाचणी झाली. नेहमीचं औषध घेणाऱ्यांची साखर उतरली, चहा पिणाऱ्यांची उतरली नाही.

म्हणजे जांभूळ वाईट आहे असं नाही. मधुमेही व्यक्तीने फळ म्हणून मूठभर जांभळं बेताने खायला सहसा हरकत नसते. पण त्यातही १०० ग्रॅममागे साधारण १४ ग्रॅम कर्बोदकं असतात. ‘जांभूळ चालू केलंय, गोळी बंद केलीये’ हा हिशोब धोक्याचा आहे.

मग रानमेवा खायचाच कशाला?

कारण औषध नसलं तरी ते चांगलं अन्न आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाच्या ताटात १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. किती घरांत ती रोज येतात? सफरचंदाचा भाव बघून हात आखडणाऱ्या घरासाठी बोर, आवळा आणि करवंद हा खरा पर्याय आहे.

आदिवासी भागात तर याला आणखी महत्त्व आहे. उन्हाळ्यात घरातलं धान्य आटत आलेलं असतं, शेतात काही नसतं. नेमक्या त्याच दिवसांत रान पिकतं. गुरांमागे फिरणारी पोरं दिवसभर जे तोंडात टाकतात, ते कुठल्याही आहाराच्या तक्त्यात मोजलं जात नाही. पण ती झुडपं तुटली तर त्या पोरांच्या पोटातला तेवढा घास कमी होतो. त्या जागी येतं ते पाच रुपयांचं कुरकुऱ्यांचं पाकीट.

ताटातून गेलं कुठे?

एक कारण जागेचं. करवंदाची जाळी म्हणजे ‘पडीक जमिनीवरची झुडपं’ असं समजलं जातं. प्लॉट पाडताना, रस्ता रुंद करताना पहिला जेसीबी तिच्यावरच चालतो. उन्हाळ्यातले वणवे उरलेलं काम करतात.

दुसरं कारण बाजाराचं. पिकलेलं करवंद दोन-तीन दिवसांत लिबलिबीत होतं. काट्यांतून एकेक फळ वेचायचं, ते डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणायचं आणि संध्याकाळपर्यंत विकायचं. नाही विकलं तर दिवस वाया. चारोळीचा भाव दुकानात डोळे विस्फारायला लावतो, पण चार गोळा करणाऱ्याच्या हातात त्यातलं फार थोडं पडतं. मग घाईने कच्ची फळं काढली जातात, फांद्याच तोडल्या जातात आणि पुढच्या वर्षीचं पीक आधीच संपतं.

काही ठिकाणी चित्र बदलतंय. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि पालघरमधल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्कही दिला आहे. करवंदाच्या जाळीला मात्र अजून कुणी वाली नाही.

खाताना काय लक्षात ठेवाल?

• ओळखीचं फळच खा. करवंद आणि विषारी कण्हेर एकाच कुळातले आहेत. ट्रेकला गेल्यावर ‘दिसायला तसंच आहे’ म्हणून काहीही तोंडात टाकू नका. स्थानिक माणसाला विचारा.

• रस्त्याकडेला घेतलेली फळं धुवून खा.

• लहान मुलांना बोर, जांभूळ देताना बी काढून द्या.

• सरबत, जेली, कँडी म्हणजे फळ नव्हे. त्यात साखर किती आहे ते लेबलवर बघा.

लहानपणी करवंद अर्धं चावून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळला असाल. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. केकवरच्या चेरीत हा खेळ खेळता येत नाही, ती आतून-बाहेरून सारखीच लाल असते. यंदा मे महिन्यात घाटात द्रोण घेऊन बसलेली मावशी दिसली, तर गाडी थांबवा. तिच्याकडे औषध नाही, पण त्या दिवसाचं ताजं फळ नक्की आहे.