डिझायनरमधील अनाकलनीय त्रुटी : एक कारणमीमांसा

विंडोज फॉर्म्सचा प्रकल्प निर्दोष बिल्ड होतो, आज्ञावलीही सुरळीत चालते. परंतु व्हिज्युअल स्टुडिओच्या डिझायनरमध्ये फॉर्म उघडताच त्रुटी येते. कंपायलर कोडचे केवळ भाषांतर करतो; डिझायनर मात्र फॉर्मवरील कंट्रोल्सचे कन्स्ट्रक्टर प्रत्यक्ष चालवितो, हे त्यामागील कारण होय. कन्स्ट्रक्टरमधील डेटाबेस-जोडणी तेथे अयशस्वी ठरू शकते. शिवाय २०२१ मध्ये आलेली व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ ही ६४-बिट असल्याने डॉट नेट फ्रेमवर्क प्रकल्पातील निव्वळ ३२-बिट कंट्रोल्स तिच्या प्रक्रियेत उघडत नाहीत. बिन व ओबीजे फोल्डर रिकामे करून पुन्हा बिल्ड केल्यास जुन्या फायलींमुळे उद्भवलेली त्रुटी दूर होते. वरील दोन कारणे मात्र कायम राहतात. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याचा कोड सदोष ठरविण्यापूर्वी तो स्वतंत्रपणे चालवून पाहणेच न्याय्य ठरते.